रविवारची सुई

रिठद आणि आसपासच्या गावांत भिवाजी पडघानला ओळखत नाही असा माणूस सापडणं कठीण. विजेच्या खांबावर चढताना तो कधी खाली पाहत नसे, ही त्याची एक ख्याती. पण खरी ख्याती आवाजाची. लग्न असो, नामकरण असो, मयत असो, पंचशील द्यायला भिवाजीदादाच उभा राहणार. पांढरा सदरा, जोडलेले हात, मिटलेले डोळे. पहिली चार शीलं तो सरळ म्हणे. पाचवं आलं, दारूपासून दूर राहण्याचं, की त्या आवाजाला अशी काही धार चढे की मांडवामागं उभा असलेला एखादा गडी खिशातली क्वार्टर चाचपत हळूच काढता पाय घेई.

आता पाचवं शील तोंडानं म्हणणारे गावोगाव ढिगानं आहेत. सकाळी म्हणायचं आणि दिवेलागणीला विसरायचं, त्याला काय अक्कल लागते? भिवाजी त्यातला नव्हता. त्याच्या बापानं छप्पन साली नागपूरहून धम्मदीक्षा घेऊन परत आल्यावर घरातलं दारूचं मडकं भर अंगणात फोडलं होतं. त्या बापाचा हा पोरगा. सारी नोकरी लाइनमनची. वादळात तारा तुटल्या की चिखलात उभं राहून जोडायच्या, आणि काम संपलं की सगळे गडी अंग गरम करायला बसायचे. हा शेजारी बसून फुटाणे खायचा आणि वरून त्यांनाच घरी पोचवायचा.

त्याची बायको चंपाबाई. माहेर मंगरूळपीरचं, आणि बाप दारूपायी गेलेला. पहाटेची ओकारी, ताटावरून उठणं, चालताना भिंत धरणं, हे तिनं लहानपणी इतक्या जवळून पाहिलं होतं की लग्न ठरताना तिनं एकच विचारलं, "पोरगा पेते का?" नाही म्हटल्यावर रंग, उंची, जमीन, काही काही विचारलं नाही. सारा संसार तिनं त्या एका 'नाही'वर केला. भांडली, रुसली, माहेरी निघून गेली, पण नवऱ्याच्या तोंडाचा वास घ्यायची पाळी तिच्यावर कधी आली नाही. एवढा भरवसा किती बायकांच्या वाट्याला येतो, सांगा!

भिवाजी रिटायर झाला. खांब सुटले, खुर्ची आली, पोट सुटलं. मग शुगर निघाली. वाशिमहून गोळ्या सुरू झाल्या, पण शुगर काही ऐकेना. मुलगा अश्वजित पुण्याला कंपनीत. तो सुट्टीत आला आणि बापाचं पोट पाहून म्हणाला, "बाबा, आता नवीन इंजेक्शन आलं. आठवड्यातून एकडाव घ्याचं. आमच्या ऑफिसात कितीक लोक घेऊन राह्यले. शुगर बी उतरते अन् वजन बी."

फोनवर कुठल्याशा डॉक्टरशी त्याचं बोलणं झालं. पेनासारखी ती सुई बर्फाच्या डब्यातून घरी आली. अश्वजितनं आईला शिकवलं: पोटाची कातडी चिमटीत धरायची, सुई टेकवायची, बटण दाबायचं आणि लगेच काढायची नाही, थोडं थांबायचं.

"अन् गोळ्यावाल्या डॉक्टरले सांगाचं का?" चंपाबाईनं विचारलं.

"कायले? दुसऱ्यानं दिलेलं औषध म्हटलं की त्यायचं नाक वाकडं होते. बंद करा म्हणतीन, दुसरं काय?"

झालं, सुईचं बाहेर कोणाला सांगायचं नाही, असं तिघांचं ठरलं. औषध वाईट नव्हतं बरं का. पुष्कळांना त्याचा गुण येतो, म्हणून तर लोक घेतात. पण एखाद्याच्या अंगाला ते सोसत नाही, आणि पोटात जोराची कळ आली तर ते थांबवून डॉक्टर गाठायचा असतो. डब्यातल्या कागदाच्या घडीत हे बारीक अक्षरात होतं. पण ती घडी उलगडतो कोण? अश्वजितला वेळ नव्हता, चंपाबाईला इंग्रजी नव्हतं, आणि भिवाजी म्हणाला, "पोरानं पाह्यलंच असन."

रविवारी विहारातली वंदना आटोपली की चंपाबाई फ्रिजमधून सुई काढी. भिवाजी सदरा वर करून पाटावर बसे. "टोच वं डॉक्टरीणबाई," म्हणे. ती लाजे आणि हात मात्र पक्का ठेवी. चुलीपासून शेतापर्यंत सगळी कामं तिनं केली होती, पण हे काम शिकलेल्या माणसांचं. रुपाबाईला, म्हणजे शेजारणीला, हे सांगता येत नाही याचंच तिला वाईट वाटे.

सोमवारी भिवाजी एसटीनं रिसोडला जाई. उदयसिंग नावाचा जुना सोबती तिथं राहत होता. तोही लाइनमनच, दिलदार गडी, पण पक्का पिणारा. आधी भिवाजी सणावारी कधीतरी जायचा. सुई सुरू झाल्यापासून सोमवार काही चुकवेना. संध्याकाळी परत आला की चेहरा उतरलेला. भाकर नको, भाजी नको. चंपाबाईनं त्याच्या आवडीची वांगी केली, मिरचीचा ठेचा केला, तरी दोन घास खाऊन हा ताट सारी. वजन उतरत होतं, शुगर उतरत होती, आणि अश्वजित तिकडून व्हिडिओवर "वा बाबा!" म्हणत होता. एका मंगळवारी पहाटे गोठ्यामागं भिवाजी वाकून ओकताना चंपाबाईला दिसला.

"काय झालं बाप्पा?"

"काई नाई. पित्त," म्हणाला, चूळ भरली आणि बडीशेप तोंडात टाकली.

पित्त! चंपाबाईचा बापही पित्तच म्हणायचा. तिच्या मनात पाल चुकचुकली आणि तिनं ती हाकलली. आपल्या देवमाणसाबद्दल असं मनात आणलं म्हणून स्वतःलाच शिव्या घातल्या.

आषाढी पौर्णिमा झाली, पावसाळ्याचा वर्षावास लागला, विहारात रोज संध्याकाळी ग्रंथाचं वाचन सुरू झालं. अशाच एका सोमवारी भिवाजी रिसोडहून आला तो पोट धरूनच. बेंबीच्या वर कळ सुरू होऊन पाठीतून आरपार जात होती. खांबावरून पडून हात मोडला तेव्हा हूं न म्हणणारा माणूस अंगणात गडाबडा लोळला. रुपाबाईच्या पोरानं गाडी काढली, रुपाबाई सोबत बसली, आणि वाशिमच्या एका खाजगी दवाखान्यात त्याला घातलं.

डॉक्टर तरुण होता आणि घाईत होता. रक्त तपासलं, सोनोग्राफी केली, आणि बाहेर येऊन व्हरांड्यातल्या साऱ्या माणसांसमोर म्हणाला, "स्वादुपिंडाला सूज आली आहे. किती वर्षांपासून घेतात?"

"काय घेतात?"

"दारू, आजी, दारू!"

"नाई बाप्पा! ते नाई पेत."

"सगळ्या असंच सांगतात. तुमच्याकडून असं पोट घेऊन जो येतो तो पिणाराच निघतो."

रुपाबाईनं पदर तोंडाला लावला. डॉक्टर आत गेला. त्यानं भिवाजीलाच दरडावलं, "खरं सांगा, पिता ना?" आता हो किंवा नाही म्हणून मोकळं व्हायचं ना? पण या भल्या माणसाला नुसतं 'नाही' फार थोडं वाटलं. त्यानं हात जोडले, डोळे मिटले आणि पाचवं शील पालीत म्हणायला घेतलं. जन्मभर तेच त्याचं उत्तर होतं. अर्ध्यावर कळ आली, शब्द तुटले, जीभ अडखळली. डॉक्टरनं नर्सकडे पाहिलं आणि दोघं गालात हसले. बरळणारे त्यांनी पुष्कळ पाहिले असणार.

नर्सनं कोणती औषधं चालू आहेत ते विचारलं. चंपाबाईनं गोळ्यांची पिशवी पुढं केली. सुई ओठावर आली होती, पण अश्वजितनं बजावलेलं आठवलं आणि तिनं ओठ मिटले. डॉक्टरला कारण सापडलेलंच होतं, त्यानं आणखी काही खोदलं नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती अशी लागते.

घरी सोडताना त्यानं बजावलं, "शुगरची औषधं चालू ठेवा. आणि थेंबभर जरी घेतली, तर पुढच्या वेळी इथं आणू नका."

रुपाबाईनं कोणाला म्हणजे कोणालाच सांगितलं नाही. तिनं फक्त जावेला सांगितलं. आणि गाव काय, वाटच पाहत होतं! जो माणूस जन्मभर आपल्याला शील शिकवतो तो घसरला म्हटल्यावर किती जणांच्या छातीवरचं ओझं उतरलं म्हणता. "मांजर डोळे मिटून दूध पेते," एक म्हणाला. "तरीच दर सोमवारी रिसोड," दुसरा म्हणाला. उदयसिंगच्या घरी बसून कोणी चहा पितो यावर कोण विश्वास ठेवणार? शिंदीच्या झाडाखाली बसून ताक प्यालं तरी लोक शिंदीच म्हणणार.

रुपाबाईच्या नातवाचं नामकरण आलं. भिवाजी अंगानं अर्धा झाला होता, तरी पांढरा सदरा घालून गेला आणि नेहमीच्या जागी बसला. पंचशीलाची वेळ झाली तसा गुडघ्यावर हात देऊन उठायला लागला, तर माईक प्रसेनजितच्या हातात. प्रसेनजित विहार कमिटीचा अध्यक्ष, शाळेत मास्तर, चांगला पोरगा. त्यानं खाली पाहत सुरुवात केली. भिवाजी ना धड बसलेला, ना धड उभा, तसाच राहिला. मग कोणीतरी त्याचा सदरा ओढून त्याला खाली बसवलं.

घरी आल्यावर त्यानं पांढरा सदरा काढून खुंटीला टांगला. चंपाबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. तिला गावाचा राग आला, डॉक्टरचा आला, आणि खरं सांगायचं तर त्याचाही आला. कारण पाल परत चुकचुकत होती. दवाखान्यात असताना सुई बंद होती, तर हा चांगला बसून जेवत होता. घरी आला, रविवारी तिनं सुई टोचली, सोमवारी ती नको नको म्हणत असताना हा रिसोडला गेला, आणि पुन्हा तेच तोंड घेऊन आला. आता रविवार आणि सोमवार तिच्या डोळ्यांसमोर लागोपाठ होते, पण बाईनं बोट ठेवलं ते सोमवारावर! सुईवर कशी ठेवणार? सुई तर पोरानं पाठवलेली आणि तिच्या हातची.

त्या सोमवारी तो दारातून आत आला तशी ती पुढं झाली आणि लग्नानंतर पहिल्यांदा तिनं त्याच्या तोंडाजवळ नाक नेलं. बडीशेपेचा वास आला.

"बडीशेप काहून खाल्ली?"

तिला काय विचारायचं आहे ते भिवाजीला कळलं. त्यानं चप्पल काढली, पाय धुतले आणि भिंतीकडे तोंड करून झोपला.

मग ती एक दिवस प्रसेनजितच्या घरी गेली. "बाप्पू, कोणाले सांगू नोको," ती म्हणाली, "मले वाटते हे पेतात. माह्या बापाचं असंच होतं. डॉक्टर म्हणे पुन्हा पेले तं मरतीन. काई तरी कर." आणि पदर डोळ्यांना लावला.

प्रसेनजितच्या मनात पाप नव्हतं. त्याचाही जीव तुटत होता. तो म्हणाला, "काकू, आपल्यात चुकलेल्या माणसाले कोणी टाकत नाई. पौर्णिमेले दादानं सगळ्यायसमोर चूक कबूल करावी अन् नव्यानं शील घ्यावं. पुढच्या कार्यक्रमाले माईक मी सोता त्यायच्या हाती देतो."

चंपाबाईला वाट सापडल्यासारखं झालं. शपथ घेतली की हा पिणार नाही, प्याला नाही की जगेल, आणि मानही परत मिळेल. बापाला अशी शपथ कोणी घातली नव्हती. तिनं भिवाजीजवळ विषय काढला. तो खाटेवर बसला होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजे जे केलं नाई ते केलं म्हणू?"

"लोक माफ करतीन नं. नाई नाई म्हणत राह्यले तं खोटारडे बी म्हणतीन."

"लोकायचं मरू दे. तुले काय वाटते? मी पेलो?"

ती पदराचं टोक पिळत बसली.

"चंपे, माह्याकडे पाह्य. तू एकडाव म्हण, 'नाई पेले तुमी.' एकडाव. मंग गावाले मी पाहून घेतो. गावाच्या बापाले पाहून घेतो."

म्हणायला किती लागतं? दोन शब्द. तिच्या घशाशी ते आले. पण गोठ्यामागची ओकारी आठवली, बडीशेप आठवली, बाप आठवला, आणि तिच्या तोंडून निघालं, "मले तुमी जिते पाह्यजे. माह्यासाठी म्हणा."

भिवाजी रागावला असता तर बरं झालं असतं. तो नुसता "बरं" म्हणाला. "तुलेच वाटत नाई, मंग गावाशी कायले भांडू?"

भादव्याची पौर्णिमा रविवारी आली. विहार गच्च भरलं होतं. एरवी वाचनाकडे न फिरकणारेही त्या दिवशी आंघोळ करून आले. भिवाजी मूर्तीपुढं उभा राहिला. ज्या आवाजानं मांडव दणाणायचा त्या आवाजात तो म्हणाला, "माह्या हातून चूक झाली." एवढंच. मग त्यानं पाचवं शील म्हटलं, आणि या वेळी धार नव्हती, पोरं पाठ केलेलं म्हणतात तसं म्हटलं. बायकांनी डोळे पुसले. प्रसेनजितनं त्याला मिठी मारली. त्याच विहारात पंचवीस जण असे बसले होते की ज्यांनी आदल्याच आठवड्यात ढोसली होती. पण त्यांना कोणी ऊठ म्हणालं नाही, आणि त्यांनीही मोठ्या मनानं त्याला माफ केलं!

चंपाबाई मात्र पिसासारखी हलकी झाली होती. घरी येऊन तिनं खीर केली, वेलदोडा घातला, शेजारी वाटी दिली. भिवाजीनं दोन चमचे खाल्ले. मग तिनं फ्रिज उघडला. अश्वजितनं नव्या महिन्यापासून जास्त जोराची सुई पाठवली होती, कारण गुण चांगला येत होता. "वर करा सदरा," ती म्हणाली. भिवाजीनं सदरा वर केला. 'डॉक्टरीणबाई' म्हणाला नाही. तिनं कातडी धरली, टोचली, आणि शिकवलं होतं तशी थोडी थांबली.

सोमवारी तो नेहमीसारखा रिसोडला जाऊन आला आणि मंगळवारी सकाळी ओकता ओकता खाली पडला. पोट दगडासारखं. वाशिमच्या डॉक्टरनं इथं आणू नका म्हटलेलं, म्हणून गाडी थेट अकोल्याला नेली. वाटेत वाशिमकडच्या मालेगावला डिझेलला थांबले तेव्हा गाडीवाला पोरगा कोणाला तरी फोनवर म्हणाला, "पौर्णिमेले शपथ घेतली अन् लगेच पेला बुवा." चंपाबाईनं ते ऐकलं. आणि तिलाही तेच वाटत होतं! भिवाजीचं डोकं मांडीवर घेऊन ती मनात त्याला बोल लावत होती की शपथ तरी पाळायची होती.

अकोल्याच्या दवाखान्यात डॉक्टर बाई होत्या, रुचिका म्हणून. त्यांनी त्याचं पोट तपासलं आणि बेंबीच्या बाजूला एक बारीक निळसर डाग दाखवून विचारलं, "हे काय? इन्सुलिन घेतात का?"

"नाई. ते... आठवड्याची सुई."

"कुठली सुई?"

मग काय, सगळं बाहेर आलं. बाईंनी अश्वजितला फोन लावला, नाव विचारलं, केव्हापासून ते विचारलं, पहिल्यांदा दुखलं त्यानंतरही चालू ठेवली का ते विचारलं. फोन ठेवून त्यांनी रिपोर्ट पुन्हा चाळले.

"आजी, पित्ताशयात खडे नाहीत. रक्तात चरबी फार वाढलेली नाही. लिव्हर पिणाऱ्या माणसाचं दिसत नाही. हे औषध बहुतेकांना काही करत नाही, पण क्वचित कोणाच्या स्वादुपिंडाला सूज येते. शंभर टक्के मी सांगू शकत नाही, पण दुसरं कारण मला दिसत नाही. पहिल्या वेळीच ते बंद व्हायला हवं होतं."

"दारू नाई?"

"नाही. दारू नाही वाटत."

"मंग ते सोमवारी..." ती बोलली आणि थांबली. कारण सोमवारच्या आधी रविवार येतो, हे तिला आत्ता दिसलं.

ती धावत आत गेली. तोपर्यंत त्याच्या तोंडात नळी घातली होती, डोळे मिटलेले होते, किडन्या बसत चालल्या होत्या. तिनं कानाशी तोंड नेऊन म्हटलं, "नाई पेले तुमी. नाई पेले. मले समजलं आता." पुन्हा पुन्हा म्हटलं. नर्सनं खांदा धरून तिला बाजूला केलं. त्याला ऐकू गेलं की नाही हे कोणाला सांगता येणार? पापणी हलली नाही एवढं खरं. गुरुवारी तो गेला.

मयतानंतरच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी घरापुढं मंडप घातला. अश्वजित डोकं खाली घालून बसला होता. प्रसेनजित श्रद्धांजलीला उभा राहिला. त्यानं भिवाजीच्या कामाचं, आवाजाचं खूप चांगलं सांगितलं. मग तो म्हणाला, "दादानं चूक कबूल कराची हिंमत दाखवली. पण व्यसन असं असते की ते शपथेले बी आयकत नाई. पोरायहो, दादाच्या मरणातून एवढं तरी शिका."

चंपाबाई उठली. बाईमाणूस त्या दिवशी उठून बोलत नाही, पण ती उठली आणि तिनं माईक घेतला. "त्यायनं जिंदगीत दारू पेली नाई," ती म्हणाली. "सुईनं झालं. शुगरच्या सुईनं. म्या माह्या हातानं टोचली. अकोल्याच्या डॉक्टरीणबाईनं सांगतलं."

मंडपातल्या माना तिच्याकडे वळल्या. मग मागून एका म्हाताऱ्यानं, वाईट हेतूनं नव्हे, अगदी साधं विचारलं, "पेला नव्हता तं मंग कबूल काहून केलं, माय?"

"म्या कराले लावलं!"

"काकू," प्रसेनजित हळू म्हणाला, "तुमीच तं माह्या घरी येऊन सांगतलं, पेतात म्हणून."

रुपाबाईनं येऊन तिला कुशीत घेतलं, पाठीवरून हात फिरवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "बस वं माय. नवऱ्याची लाज झाकाले बाईले असं बोलाच लागते. समजते आमाले." बायकांनी माना हलवल्या. केवढी माया त्या मानांत! विश्वास तेवढा नव्हता.

तेवढ्यात मंडपाच्या टोकाशी उदयसिंग उभा राहिला. रिसोडहून आला होता, आणि दुःखाच्या नावाखाली पुरेशी घेऊन आला होता. शेजारच्यांनी नाकाला रुमाल लावले. "भाभी खरं बोलून राह्यली," तो खांब धरून म्हणाला. "भिवाजीनं माह्या घरी येऊन एक थेंब नाई घेतला कधी. याचा अन् दिवसभर मोरीत ओकाचा अन् झोपाचा. मी म्हटलं, भाऊ, ते सुई बंद कर. तं म्हणे, कसं सांगू? पोरानं हौसेनं पाठवली, चंपी एवढ्या हौसेनं टोचते. तिच्यासमोर ओकलो तं तिले वाटन तिच्याच हातानं काई बिघडलं. म्हणून तं मी इथं येतो."

"पेताड्याची साक्ष पेताड्या!" कोणीतरी पुटपुटलं आणि पोरं फिसकन हसली. दोघांनी उदयसिंगला दंडाला धरून बाहेर नेलं. प्रसेनजितनं माईक घेतला, सगळ्यांना हात जोडायला सांगितले आणि पंचशील सुरू केलं.

चंपाबाई रुपाबाईच्या कुशीत तशीच बसून राहिली. त्या सबंध मंडपात भिवाजीवर विश्वास ठेवणारी आता ती होती, आणि बाहेर काढलेला एक दारुडा. भिवाजीनं तर विश्वास फक्त तिचा एकटीचा मागितला होता, आणि तोही एकडाव.